नाकातलं मास आणि पुण्याची वाळू

‘नाकात मास वाढलंय’ हे वाक्य तुम्ही घरात, शेजारात, नाहीतर दवाखान्याच्या बाकड्यावर कधी ना कधी ऐकलं असणार. त्याला बहुतेक वेळा एक पुरवणी जोडलेली असते : ‘डॉक्टर म्हणाले, साधंच आहे, काढून टाकू.’ आणि बहुतेक वेळा ते साधंच असतं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे काढून टाकलेलं मास शेवटी ज्यांच्या टेबलावर येऊन पडतं त्यांच्यापैकी एक. फॉर्मालिनच्या छोट्या बाटलीत तरंगणारे चार-पाच तुकडे, बाटलीला चिकटवलेली पट्टी आणि सोबत एक फॉर्म. हे मास नक्की कसलं, एवढंच मला सांगायचं असतं.

हा प्रश्न नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे ३१ रोग मोजलेत. त्यात नासार्श, म्हणजे नाकातले मूळव्याधीसारखे कोंब, चार प्रकारचे आणि अर्बुदं सात प्रकारची. म्हणजे नाकात वाढलेलं सगळं मास एकच नसतं, हे त्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं. तिकडे ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य दोऱ्याला स्पंज बांधायचे, दोरा नाकातून घालून घशातून बाहेर काढायचे आणि ओढायचे. स्पंजाबरोबर मास उपटून यायचं. (वाचतानाही नाक चोळावंसं वाटतं.) ‘पॉलिप’ हा शब्द त्यांचाच. अर्थ ‘अनेक पायांचा’, ऑक्टोपससारखा. मराठी ‘कोंब’ मला जास्त आवडतो, कारण तो उपटल्यावर पुन्हा फुटू शकतो, ही सूचना त्यातच आहे.

पण या सगळ्यांनी वर्गवारी केली ती डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून : रंग, वेदना, स्राव, कडकपणा. मासाच्या आत डोकवायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८५५ साली थिओडोर बिलरोथ या तरुण सर्जनने म्यूकस पॉलिपच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला ग्रंथी दिसल्या, म्हणून त्याचं मत पडलं की पॉलिप ही ग्रंथींची गाठ आहे. रुडॉल्फ व्हिर्खोला त्याच मासात बुळबुळीत, पाणीदार ऊती दिसली. त्याने तिला मिक्सोमा ठरवलं. आज आपण म्हणतो की साधा पॉलिप मुळात गाठच नाही. अॅलर्जी, जुनाट सूज यांनी नाकाचं अस्तर पाणी धरतं, लोंबतं आणि त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी जमतात, एवढंच. आधुनिक सर्जरीचा आणि आधुनिक पॅथॉलॉजीचा असे दोन बाप एकाच तुकड्याकडे बघून दोन वेगळी उत्तरं देतात आणि दोन्ही चुकतात, याची मला गंमत वाटते. बघता येणं आणि ओळखता येणं यात पुष्कळ अंतर आहे.

ते अंतर कमी केलं ते मोठमोठ्या सिद्धांतांपेक्षा बारक्या तंत्रांनी. तुकडा मेणात बसवून त्याचे पातळ काप काढायची रीत रुळली. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे रंग एकत्र आले. यातलं पहिलं मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघतं आणि पेशीचं केंद्रक निळं-जांभळं करतं. दुसरं बाकी सगळं गुलाबी करतं. १८७९मध्ये एर्नेस्त बेनिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने ‘बायॉप्सी’ हा शब्द दिला. १८९३मध्ये फर्डिनांड ब्लूमने दाखवून दिलं की फॉर्मालिनमध्ये ठेवलं तर मास सडत नाही आणि त्याची रचनाही टिकते. आजही आमच्याकडे हेच चालतं : फॉर्मालिन, मेण, तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप, जांभळा रंग, गुलाबी रंग. तुमच्या हातातल्या फोनची दहा मॉडेल्स बदलली, तेवढ्या काळात आमची मूळ कृती तसूभरही हललेली नाही.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मासाकडे येते.

हे मास नाकात दिसतं तेच मुळी वेगळं. साधा पॉलिप सोललेल्या द्राक्षासारखा, फिकट, पारदर्शक. हे मात्र लाल, खडबडीत, बोट लागताच भळभळ रक्त आणि वर पांढरे-पिवळे ठिपके. पाठ्यपुस्तकं त्याला स्ट्रॉबेरीची उपमा देतात. (आमच्या विषयाला खाण्याच्या उपमांचा भारी सोस आहे : जायफळी यकृत, साबुदाणा प्लीहा, चॉकलेट सिस्ट.) या रोगाचं नाव ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. एरवी नाकातल्या गाठीचं निदान करताना मला दोन-तीन वेळा स्लाइड फिरवावी लागते, पुस्तक उघडावं लागतं, कधी शेजारच्या टेबलावर जाऊन ‘जरा बघता का?’ म्हणावं लागतं. इथे ते काही लागत नाही. सर्वांत कमी ताकदीच्या भिंगाखालीच जाड भिंतीच्या गोल पिशव्या दिसतात. काही रिकाम्या, काही अर्धवट, काही गच्च भरलेल्या. भरलेल्या पिशवीत हजारो बारके गोळे, कडेला लहान आणि मध्याकडे पिकलेले. एखादी पिशवी पृष्ठभागाशी येऊन फुटलेली असते आणि गोळे बाहेर पडताना जिथल्या तिथे गोठलेले असतात. मोठ्या पिशव्यांचा व्यास मिलिमीटरचा तिसरा हिस्सा भरतो, म्हणजे त्या नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकतात. स्ट्रॉबेरीवरचे ते ठिपके म्हणजे याच पिशव्या.

इतकं ठसठशीत दिसणारं हे प्रकरण आहे तरी काय, हे ठरवायला शंभर वर्षं गेली.

पहिली नोंद भारतातली नाही, अर्जेंटिनातली. १९०० साली ब्वेनोस आयरेसमध्ये गिएर्मो सीबर याने आपल्या प्रबंधात नाकातल्या पॉलिपमध्ये सापडलेल्या दोन रुग्णांवरून माणसाच्या एका नव्या परजीवीचं वर्णन केलं. प्रबंध स्पॅनिशमध्ये होता, लंडनमध्ये तो कुणाच्या गावीही नव्हता. १९०३मध्ये कलकत्त्यात नोकरीला असलेल्या ओ’किनिली या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या डॉक्टराने नाकाच्या पडद्यावरच्या अशाच मासाची हकीकत लंडनच्या कान-नाक-घसा मंडळींपुढे मांडली. त्यावर मिंचिन आणि फॅन्थम हे दोन प्राणिशास्त्रज्ञ कामाला लागले आणि १९०५मध्ये त्यांनी या जिवाला नाव दिलं : ऱ्हायनोस्पोरिडियम किनिलाय. कलकत्त्याच्या रुग्णाच्या नाकातला जीव, नाव साहेबाचं. १९१२मध्ये सीबरने हरकत घेतली, आधी मी पाहिलंय, म्हणून. हक्काच्या या भांडणात तो जिंकला. आज आम्ही रिपोर्टवर जे लिहितो ते ‘ऱ्हायनोस्पोरिडियम सीबेरी’. पहिला अर्धा भाग लंडनचा, दुसरा अर्जेंटिनाचा. ज्यांच्या नाकांत ते वाढलं, त्यांच्या वाट्याला त्या नावात काहीच आलं नाही.

१९२३मध्ये एडिंबरात जेम्स हार्टली अॅशवर्थ या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाने या जिवाचं आयुष्य पहिल्यांदा नीट मांडलं : बारका गोळा, तो वाढून पिशवी, पिशवीत पुन्हा गोळे. त्याला हे शक्य झालं ते भारतातून तिथे शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्यामुळे. त्याच्या नाकातलं मास पुन्हा पुन्हा वाढत होतं आणि पुन्हा पुन्हा काढलं जात होतं. प्रत्येक वेळी अॅशवर्थला ताजा माल मिळत होता. त्याच्या त्या प्रदीर्घ निबंधाची पानं चाळताना मला त्या मुलाचंच कौतुक वाटत राहतं. परक्या थंड गावात, एक नाकपुडी बंद, उशीवर रक्ताचे डाग आणि आपल्या दुखण्याकडे डोळे लावून बसलेले प्राध्यापक. अॅशवर्थने हा जीव प्राण्यांतून काढला आणि बुरशीत नेऊन ठेवला. पुढची जवळजवळ पाऊण शतकं वैद्यकीय विद्यार्थी त्याला बुरशी म्हणूनच पाठ करत राहिले.

आता पुणे. १९३३मध्ये नोरोन्हा यांचा एक निबंध ‘जर्नल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीन’मध्ये आला. शीर्षक लांबलचक आहे आणि सगळं महत्त्वाचं त्या शीर्षकातच आहे : पुण्यातल्या वाळू कामगारांमध्ये ऱ्हायनोस्पोरिडिओसिसचं प्रमाण आणि त्या पॉलिपची सूक्ष्मदर्शकाखालची काही वैशिष्ट्यं. चारच वर्षांनी, १९३७मध्ये मंडलिक यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये अशा पॉलिपची नोंद करताना लागण कशी होत असावी याचा विचार मांडला.

या दोन निबंधांपाशी मी थांबते, कारण तोवर चर्चा होती ती जिवाची. त्याचं नाव काय, घराणं कुठलं, पिशवीची भिंत किती थरांची. नोरोन्हांनी पिशवीही पाहिली आणि पिशवी ज्याच्या नाकात आहे तो पोटासाठी काय करतो, हेही पाहिलं. दोन्ही एकाच शीर्षकात घातलं. नदीच्या पात्रात उभं राहून, वाकून, बुडी मारून वाळू काढणारा माणूस. नाकात पाणी जातं, पाण्याबरोबर वाळूचे कण जातात, अस्तर खरचटतं आणि पाण्यातल्या त्या गोळ्याला शिरायला वाट मिळते. आजही लागणीबद्दल हाच तर्क सर्वांत पटणारा मानला जातो. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही. तो साचलेल्या पाण्याशी बांधलेला आहे : तळी, पोखरणी, संथ नद्या. म्हणून भारतात त्याचा नकाशा काढला तर तो गुरांना आणि माणसांना एकाच तळ्यात उतरावं लागतं त्या मुलखांचा होतो : छत्तीसगड, ओडिशा, बंगालातला पुरुलिया-बांकुराचा भाग, तामिळनाडूचे कोरडे जिल्हे, केरळ आणि पलीकडे श्रीलंका. त्यामुळे हा ‘गरिबांचा, गरम देशांचा’ रोग अशी समजूत होती. मग १९९२-९३मध्ये सर्बियात एका तळ्यावर पोहायला गेलेल्यांमध्ये १७ जणांना तो झाला. तळं असलं की पुरे, देश कुठला का असेना.

पुण्याच्या त्या कामगारांनी काढलेली वाळू गेली कुठे? बांधकामात. वाढत्या शहराच्या भिंती, पूल, चाळी. ज्या जुन्या इमारतींसमोर आपण आता हेरिटेज वॉकला जातो, त्यांतल्या कशाकशात ती असेल.

तुकड्यावरून व्यवसाय उलगडण्याची दुसरी गोष्ट इंग्लंडातली आहे, आणि ती जास्त गाजली. हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. पिढ्यानपिढ्या तिथे लाकूड कापलं, घासलं, तासलं गेलं. १९६०च्या दशकात तिथल्या कान-नाक-घशाच्या सर्जन एस्मी हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं की फर्निचर कारखान्यांतले कामगार नाकाचा, सायनसचा कॅन्सर घेऊन जरा जास्तच येतायत. या भागातले कॅन्सर एकूणच विरळ. आणि त्यात जे नेहमी सापडतात ते स्क्वेमस जातीचे. या कामगारांच्या स्लाइडवर मात्र अॅडिनोकार्सिनोमा होता, ग्रंथींसारखी नक्षी असलेला, आतड्यातून उचलून आणल्यासारखा दिसणारा. नुसतं ‘नाकाचा कॅन्सर’ एवढंच लिहिलं गेलं असतं तर ही माणसं इतरांत मिसळून गेली असती. जात वेगळी दिसली म्हणून गठ्ठा वेगळा दिसला. १९६८मध्ये अॅचिसन, हॅडफिल्ड आणि सहकाऱ्यांनी ते ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. १९९५मध्ये जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली. लाकूड कामगारांना निदान एक यादी मिळाली. वाळू कामगारांना तीही नाही, कारण त्यांचा रोग मारत नाही, फक्त परत परत येतो.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल की मग नाकात काहीही दिसलं की घ्या तुकडा. तसं नाही, आणि हे सांगितल्याशिवाय हा इतिहास अर्धवट राहील. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचं नाक एका बाजूने बंद, वारंवार घोळणा फुटतोय, तर ती नाकामागची अँजिओफायब्रोमा असू शकते. रक्तवाहिन्यांनी ठासून भरलेली ही गाठ ओपीडीत चिमट्याने तोडायला गेलात तर रक्त थांबवताना घाम फुटेल. तिचं निदान स्कॅनवर करतात. तुकडा माझ्याकडे येतो तो ऑपरेशननंतर. तान्ह्या बाळाच्या नाकातला ‘पॉलिप’ कधी कधी कवटीच्या फटीतून खाली उतरलेला मेंदू असतो. आणि उलट बाजूने, पन्नाशीच्या माणसाचा एकाच नाकपुडीतला पॉलिप दिसायला कितीही सोज्वळ असला तरी तो पाठवायलाच हवा. तिथे इन्व्हर्टेड पॅपिलोमा लपलेला असू शकतो, १९३८मध्ये रिंगेर्ट्झने ठळक केलेला. हा बाहेर फुटण्याऐवजी आत वळून वाढतो आणि काहींमध्ये पुढे कॅन्सर होतो. सर्जनने तो साधा समजून वरवर खरवडला, तर वर्षभरात पुन्हा हजर.

२०२१चा उन्हाळा तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. ‘ब्लॅक फंगस’ हा शब्द तेव्हा महाराष्ट्रात घराघरांत पोहोचला होता. आमच्याकडे बाटल्यांची रांग लागायची आणि वॉर्डातून एकच प्रश्न : म्यूकर की अॅस्परजिलस? कारण औषधं वेगळी होती, आणि अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्हे पालथे घालत होते. स्लाइडवर म्यूकरचे धागे रुंद, फितीसारखे, पडदे जवळजवळ नसलेले, काटकोनात फुटणारे. अॅस्परजिलसचे बारीक, पडद्यांचे, टोकदार कोनात फाटे फुटणारे. गंमत अशी की ती बुरशी काळी नसतेच. ती रक्तवाहिनीत शिरते, वाहिनी बंद पडते आणि काळं पडतं ते उपाशी मेलेलं आपलंच मास. १८८५मध्ये पाल्टाउफ या ऑस्ट्रियन पॅथॉलॉजिस्टने माणसाच्या शरीरात ही बुरशी पाहून तिचं वर्णन केलं होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही जे बघत होतो ते त्याच्या वर्णनाहून फार निराळं नव्हतं. निराळी होती ती संख्या.

आणि आमच्या पिशवीवाल्या जिवाचं पुढे काय झालं? त्याला काचेच्या बशीत वाढवायचे प्रयत्न झाले. खात्रीने, पुन्हा पुन्हा करून दाखवता येईल असं कुणालाच जमलं नाही. त्यामुळे वाद चालूच राहिला. नव्वदच्या दशकात दिल्लीतून एक मत आलं की हे निळं-हिरवं शैवाल आहे. शेवटी १९९९मध्ये अमेरिका आणि श्रीलंकेतल्या संशोधकांनी पॉलिपमधून डीएनए काढला, वाचला आणि ताडून पाहिला. बुरशी नाही, शैवाल नाही, १९०५मध्ये समजले होते तसला प्राणीही नाही. त्याचे जवळचे नातेवाईक निघाले माशांचे परजीवी, प्राणी आणि बुरशी यांच्या वाटा जिथे फुटतात त्या फांदीच्या आसपासचे. दुसऱ्या वर्षी आणखी एका गटाचा निष्कर्षही तसाच आला. पाण्यातला जीव आहे, हे पुण्याच्या वाळूवाल्यांची नाकं १९३३पासून सांगतच होती.

उपचार मात्र अॅशवर्थच्या काळातून फारसे पुढे सरकलेले नाहीत. मास मुळासकट काढायचं, बुंधा जाळायचा, सोबत डॅप्सोन हे कुष्ठरोगावरचं औषध काही महिने द्यायचं. तरी ते परत येतं. काढताना एखादी पिशवी फुटून गोळे शेजारच्या अस्तरावर सांडतात हे एक कारण. दुसरं कारण, माणूस टाके सुकल्यावर पुन्हा त्याच पाण्यात उतरतो. दुसरीकडे जायला त्याला जागा कुठे असते? वाळू काढायला आता ड्रेझर आणि सक्शन पंप आले. तरी कोकणातल्या खाड्यांत डुबी मारून, हातपाटीने वाळू काढायची रीत सरकारी परवान्याच्या कागदांतही शिल्लक आहे.

आमच्या विभागाच्या फॉर्मवर नाव, वय, लिंग, वॉर्ड, नाकाची बाजू, ऑपरेशनची तारीख, सगळ्याला रकाना आहे. व्यवसायाला नाही. म्हणून स्लाइडवर त्या पिशव्या दिसल्या की रिपोर्ट टाइप करायच्या आधी मी वॉर्डात फोन लावते. पेशंट काम काय करतो, आंघोळ नळावर की तळ्यावर, घरात आणखी कुणाला असं झालंय का. पलीकडे जो निवासी डॉक्टर असतो तो एक क्षण गप्प होतो, मग म्हणतो, ‘एक मिनिट हं मॅडम, विचारून सांगतो.’